चर्चला नियमित जाते, पण मंडळीतली एक झालेय असं वाटत नाही. काय करावं?

शेवटचा_बाक

सर्वांना सलाम. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

नोकरीमुळे राहण्याचं ठिकाण बदललं, नवीन जागी एक चर्च शोधलं आणि आता बरेच महिने दर रविवारी जातेय. संदेश चांगला असतो, पाळकसाहेब अभ्यास करून बोलतात हे कळतं, गायन तर फारच सुंदर. पण माझं काय होतं, मी येते, मागे बसते, उपासना संपली की दारात पाळकसाहेबांशी हात मिळवते, "कशा आहात", "बरी आहे", की बाहेर. मध्यंतरी आजारी पडले आणि लागोपाठ काही रविवार चुकले. परत गेले तेव्हा दारावर उभ्या असलेल्या बाईंनी अगदी प्रेमाने उपासनेची पत्रिका हातात दिली आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलात का आमच्याकडे?" त्यांना दोष देत नाहीये, चेहऱ्यावर खरंच आनंद होता त्यांच्या. पण पहिलं गीत सुरू झालं आणि माझा गळाच दाटून आला, एक ओळ म्हणता आली नाही. इतके महिने येतेय आणि मी मधे नव्हते हे कोणाला माहीतच नाही.

आधीच्या मंडळीत मी लहानपणापासूनची. शब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), तरुण संघ सगळं आपोआप होत गेलं, सामील व्हायला म्हणून वेगळं काही करावंच लागलं नाही. त्यामुळे मोठेपणी हे कसं करतात तेच माहीत नाही मला. रीतसर सभासद व्हायला विचारू का? काही काम मागू का? स्वभाव बुजरा आहे, उपासनेनंतर सगळे घोळके करून उभे असतात तिथे मधेच जाऊन काय बोलायचं सुचत नाही. दुसरं चर्च बघावं असंही मनात येतं पण तिथेही हेच झालं तर?

पानगळ

+१. शब्द न शब्द माझा. वाचतोय.

जुना_सेक्रेटरी

ताई, मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून आतून पाहिलेलं सांगतो. नवीन माणूस मागे बसून लगेच निघून जातो तेव्हा आतल्या लोकांना वाटतं की यांना एकटं राहायचं असेल, उगाच त्रास कशाला द्या. आणि त्या माणसाला वाटतं की मी यांना नकोय. दोन्हीकडचे लोक सभ्य, आणि वर्षं अशीच जातात. म्हणून कोणीतरी आधी तोंड उघडावं लागतं. खरंतर ते मंडळीने करायला हवं, पण होत नसेल तर तुम्ही करा, त्यात कमीपणा काही नाही.

पहिली गोष्ट, रविवारी दारात बोलू नका. तिथे पाळकांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात, तुमच्यामागे रांग असते, त्यांना तुमचं नाव लक्षात राहणार नाही. मधल्या वारी फोन करा आणि भेटायची वेळ घ्या. तुम्ही इथे जे लिहिलंय तेच सांगा, आजारपणाचंही सांगा.

दुसरं सभासदत्वाचं. प्रत्येक परंपरेची पद्धत वेगळी. काही ठिकाणी आधीच्या मंडळीचं पत्र लागतं की या व्यक्तीचा बाप्तिस्मा झालाय आणि ही प्रभुभोजनात, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, भाग घेणारी सभासद आहे. काही ठिकाणी नवीन लोकांसाठी वर्ग असतात, काही ठिकाणी मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल करायचा असतो, बाप्टिस्ट मंडळ्यांमध्ये मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्माच धरतात. पत्राची पद्धत मला फार आवडते कारण ती थेट प्रेषित पौलापासूनची आहे. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात तो फिबीबद्दल लिहितो की तिचा स्वीकार करा आणि तिला जी मदत लागेल ती द्या. म्हणजे ओळख नसलेल्या गावात जाणाऱ्या बाईच्या हातात तिला ओळखणाऱ्याचं पत्र होतं. तुमच्या जुन्या पाळकांकडून तसं पत्र मागवा, आणि नुसता दाखला नको, दोन ओळी तुमच्याबद्दल लिहायला सांगा.

माझं मत म्हणाल तर सभासदत्व घ्यावंच. सभासदाला वार्षिक सभेत बोलता येतं, हिशेब विचारता येतो. आणि यादीत नाव असलं की आजारपणात, मरणात कोणीतरी शोधत यायला बांधील असतं.

वेदीजवळ

जुना_सेक्रेटरी, नोंदणी हवी हे मान्य पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. आमच्या कॅथलिक परंपरेत तर तुम्ही ज्या हद्दीत राहता त्या धर्मग्रामाचे आपोआपच होता, १९८३ च्या कॅनन कायद्यात (चर्चच्या नियमसंहितेत) पॅरिश म्हणजे धर्मग्राम सर्वसाधारणपणे हद्दीवरूनच ठरतं. म्हणजे कागदावर मी पहिल्या दिवसापासून आतली होते. आणि तरी शेवटचा_बाक यांनी लिहिलंय ते सगळं मी भोगलंय, मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपली की माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं.

बदल कशाने झाला ते सांगते. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दल जो दस्तऐवज काढला त्यात म्हटलंय की लोकांचा सहभाग पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय असला पाहिजे आणि बाप्तिस्म्यामुळे तो त्यांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. मग १९७३ पासून आम्हा साध्या लोकांनाही कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) द्यायला, आजाऱ्यांच्या घरी न्यायला नेमता येतं. आमच्या फादरांनी मला त्यासाठी विचारलं, प्रशिक्षण दिलं. मिस्सात फादर लहानशा गोल डबीत ख्रिस्तशरीर देतात, ती डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि सरळ आजाऱ्याचं घर गाठायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत.

एक आजी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. आता बोलणं जवळजवळ बंद झालंय पण "हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू केलं की ओठ हलायला लागतात. आणि सगळं झालं की त्या हाताने खूण करून विचारतात, कोण कोण आलं होतं? मग मी एकेक नाव घेते आणि त्या मान हलवतात, एखादं नाव आलं नाही तर भुवई वर जाते त्यांची. आता मिस्सात बसले की माझी नजर आपोआप बाकांवरून फिरते कारण मला आजींना सांगायचं असतं. लोकांची नावं मी आजींसाठी शिकले आणि त्यातून लोक मला ओळखायला लागले.

हे काही आजकालचं नाही बरं का. साधारण १५५ साली जस्टिन मार्टर नावाच्या विश्वासणाऱ्याने रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिलं की आम्ही रविवारी काय करतो. त्यात वाचन आहे, उपदेश आहे, प्रार्थना, भाकर, द्राक्षारस, सगळं आजच्यासारखं. आणि पुढे तो लिहितो की जे हजर नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्या घरी घेऊन जातात. इतक्या जुन्या काळी, छळ होत असताना, ज्याचं नाव सापडलं तो पकडला जाईल अशी परिस्थिती, तरी कोण आलं नाही याची आठवण ठेवणारं कोणीतरी होतं!

दमलेली

सगळे म्हणतील काम मागा. मी उलट सांगते, सांभाळून.

मी आमच्या चर्चमध्ये शब्बाथशाळा घ्यायची, गायकवर्गात होते, महिला मंडळाची खजिनदार, आणि शनिवारी संध्याकाळी बाक पुसून गीतांची पुस्तकं लावायचं पण माझ्याकडेच. वाटायचं की मी किती आतली आहे. मग आई आजारी पडली आणि मला सगळं सोडावं लागलं. फोन यायचे. कपाटाची चावी कुठे आहे, मुलांच्या नाटकाचे कपडे कुठे ठेवलेत, मागच्या महिन्याची पावती कोणाकडे आहे. आई कशी आहे हे विचारायला किती जणांनी फोन केला ते सांगवत नाही. मी नाहीये हे लगेच लक्षात आलं हो त्यांच्या, पण ती कामाची उणीव होती, माझी नाही.

म्हणून शेवटचा_बाक, काम केलं की आपण त्यांचे होऊ या आशेवर कामाला लागू नका. १ करिंथ १२ मध्ये शरीराचे जे अवयव दुर्बळ वाटतात तेच गरजेचे आहेत असं पौल म्हणतो, आणि एक दुखावला तर सगळे दुखावतात असं म्हणतो. आम्ही तो अध्याय फक्त स्वयंसेवक हवे असले की वाचतो.

पानगळ

दमलेली, वाचून वाईट वाटलं. आईंची तब्येत आता कशी आहे?

दमलेली

गेल्या वर्षी गेली आई. विचारलंत, बरं वाटलं.

रोम_सोळा

दमलेली ताई, तुमच्या आईसाठी आज प्रार्थनेत नक्की आठवण ठेवीन.

जुना_सेक्रेटरींनी माझ्या आवडीचा अध्याय काढलाच आहे तर थोडं लांबलचक लिहितो, कारण दमलेली ताईंनी जे म्हटलंय त्याचं उत्तर मला तिथेच सापडतं. रोम १६ वाचायची पाळी आली की वाचक घाबरतात, वीसच्या वर माणसांची नावं, उच्चार अवघड. पण नीट बघा, हे लिहिताना पौल रोमला गेलेलाही नव्हता, आणि तरी त्याला एकेकाचं काहीतरी माहीत आहे. त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस, यांनी प्रभूमध्ये श्रम केले असं तो म्हणतो. प्रिस्क आणि अक्विलांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. पण अंप्लियाताबद्दल एवढंच, की तो प्रभूमध्ये माझा प्रिय आहे. त्याने काय काम केलं, काही नाही लिहिलेलं. आणि रूफाची आई, जी मलाही आईसारखी झाली. शेवटी ज्याने हे पत्र लिहून घेतलं तो तर्तियु पण मधेच स्वतःचा सलाम घालतो. म्हणजे या यादीत राबणारेही आहेत आणि नुसते प्रिय असणारेही, आणि दोघांना सारखीच जागा आहे. आपल्या मंडळ्यांनी ही यादी अशी ठेवली असती तर दमलेली ताईंना चावीसाठी फोन आले नसते.

आता शेवटचा_बाक तुम्ही काय करायचं. माझं प्रामाणिक मत, मोठ्या सभेत कोणीच कोणाचं होत नाही. लहान गट शोधा. त्याचं एक फार छान उदाहरण मेथडिस्ट इतिहासात आहे. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. कोणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि ज्यांना जमत नाही त्यांची मी भरतो, फक्त साधारण बारा बारा जण एकेका पुढाऱ्याकडे वाटून द्या. ते पुढारी पेनी गोळा करायला घरोघर जायला लागले आणि तिथे त्यांना दिसलं की कोणाच्या घरी आजार आहे, कोण दारूत बुडालाय, कोणाचं नवरा-बायकोचं जमत नाही. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्जफेडीची युक्ती होती, तिच्यातून एकमेकांना सांभाळणारे दर आठवड्याचे वर्ग उभे राहिले आणि मेथडिस्ट चळवळ त्यांच्यावरच वाढली. बारा जणांत एक आला नाही तर रिकामी खुर्ची दिसते, तीनशे जणांत कशी दिसणार?

तेव्हा पाळकांना भेटाल तेव्हा काय काम आहे असं विचारू नका, आठवड्याच्या मधे भेटणारा गट कुठला आहे ते विचारा. बायबल अभ्यास, प्रार्थना सभा, काहीही चालेल. आणि कामच घ्यायचं असेल तर असं घ्या ज्यात माणसांची नावं कळतात, आजाऱ्यांना भेटणं, दारावर स्वागत, गायकवर्गाची हजेरी. साऊंडच्या खोलीत बसून माइक सांभाळणं मोलाचं काम आहे पण तुमच्यासारख्या बुजऱ्या माणसाला ते अजून एकटं पाडेल.

आणखी एक, हे या रविवारपासूनच करता येईल. तुमच्यासारखे मागे बसणारे अजून असणारच. एकाचं किंवा एकीचं नाव विचारून घ्या. पुढच्या रविवारी ती व्यक्ती दिसली नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी तिला सांगा की मागच्या वेळी तुम्ही नव्हता. एवढंच करा. तुम्हाला दारात जे हवं होतं ते दुसऱ्या कोणाला तुमच्याकडून मिळेल, आणि ते देणाऱ्याला मंडळी बाहेरची समजूच शकत नाही.

खिडकीतून

मी २०२० पासून घरूनच उपासना बघतो, आधी सगळेच बघायचे, मग सगळे परत गेले आणि माझ्या तब्येतीमुळे मी राहिलो. लोक म्हणतात स्क्रीनवरची उपासना खरी नाही, इब्री १०:२५ काढून दाखवतात, एकत्र मिळणं सोडू नका म्हणून. सोडलं कुठे हो, जमत नाही. पण एक सांगतो, आमच्या मंडळीतली एक मुलगी उपासना सुरू व्हायच्या आधी ऑनलाइन आलेल्यांची नावं मोठ्याने वाचते, चर्चमध्ये बसलेल्या सगळ्यांना ऐकू जातात. एका रविवारी माझं इंटरनेट बंद होतं तर दुपारी तिचा फोन आला, काका आज नव्हतात, बरे आहात ना? रोम_सोळा म्हणतात ते मला इथे बसून मिळालंय.

नवखा

मधेच विचारतो, पैशाचं काय? दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला नाही तर सभासद करून घेत नाहीत असं ऐकलंय. मी सध्या कर्जात आहे आणि त्या लाजेनेच जात नाही.

जुना_सेक्रेटरी

अहो लाजेने जाणं सोडू नका. काही मंडळ्या सभासदवर्गणी किंवा दशमांशाबद्दल काटेकोर असतात हे खरं, म्हणून आधीच स्पष्ट विचारा. पण वेदीजवळ यांनी ज्या जस्टिनचा उल्लेख केला तोच लिहितो की ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते आपापल्या मर्जीने देतात, आणि जमलेलं अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके यांच्यासाठी वापरतात. म्हणजे त्या मंडळीत तुम्ही देणाऱ्यांत नसता तर घेणाऱ्यांत असता आणि तरी मंडळीतच असता. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तिकडे उभा राहा" म्हणणाऱ्यांना केवढं फटकारलंय ते वाचा. पाळकांना कर्जाचं खरं सांगा. ते ऐकून ज्यांचा चेहरा बदलेल तिथे राहू नका.

आणि जिथे पैसे घेतात पण वर्षाचा हिशेब मंडळीपुढे मांडत नाहीत तिथूनही दूर राहा, कितीही छान गात असोत.

दमलेली

जुना_सेक्रेटरींना जोडून. आपलेपणा फार लवकर मिळाला तरी जपा. पहिल्या रविवारी मिठ्या, दुसऱ्या रविवारी "आम्हीच तुमचं खरं कुटुंब", तिसऱ्या रविवारी घरच्यांशी बोलणं कमी करा, आमच्या परवानगीशिवाय निर्णय घेऊ नका. हे मी जवळून पाहिलंय. एकटी पडलेली माणसंच त्यात अडकतात.

आणि उलट बाजूने, शेवटचा_बाक, तुम्ही मुलांमध्ये काम मागितलंत आणि त्यांनी थांबायला सांगितलं, चौकशी केली, एकटीला वर्गात सोडलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असा नियम जिथे पाळतात ते चर्च चांगलं.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पाळकसाहेबांना भेटून आले. दारातला प्रसंग सांगितला तर त्यांना खरंच लागलं ते, थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग वही काढून माझं नाव, पत्ता आणि आजारपणाचंसुद्धा लिहून घेतलं. जुन्या मंडळीकडून पत्र मागवलंय. बुधवारी संध्याकाळी एका घरी बायबल अभ्यास असतो तिथे परवा गेले, आठजण होते. मी वाचनाव्यतिरिक्त एक शब्द बोलले नाही पण निघताना यजमान बाईंनी "पुढच्या बुधवारी तुम्ही स्तोत्र वाचा" असं सांगून टाकलं, मला नाही म्हणायला वेळच दिला नाही.

रोम_सोळा यांचं ऐकून शेजारी बसणाऱ्या बाईंचं नावही विचारलं. त्या माझ्याही आधीपासून तिथे येतायत आणि त्यांनाही कोणी ओळखत नाही. त्यांना बुधवारी घेऊन जाणार आहे, आणि दमलेली ताईंनी सांगितल्याप्रमाणे काम सध्या कुठलंच घेतलेलं नाही.

उंबरठा

इथे विचारलं तर चालेल का माहीत नाही. माझी पत्नी ख्रिस्ती आहे, मी नाही, बाप्तिस्मा झालेला नाही. तिच्याबरोबर जातो, मला ऐकायला आवडतं, काही प्रार्थना आता पाठ झाल्यात. पण प्रभुभोजनाला सगळे उठून पुढे जातात आणि मी एकटा बाकावर राहतो तेव्हा सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं. मला सहभागी होता येईल का? की फक्त पाहुणा?

वेदीजवळ

चालेल म्हणजे काय, जरूर विचारा.

जुन्या काळी तुमच्यासारखे खूप लोक असत. तिसऱ्या-चौथ्या शतकात बाप्तिस्म्याची तयारी करणारे वचन आणि उपदेश ऐकायला सगळ्यांबरोबर बसत आणि प्रभुभोजनाआधी त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांना निरोप देत, हे बरेचदा वर्षानुवर्षं चाले. कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये प्रौढांसाठी तो टप्प्याटप्प्याचा मार्ग पुन्हा सुरू केला, आणि १९८३ च्या कायद्यात स्पष्ट आहे की तयारीला लागलेल्यांना चर्च आधीपासूनच आपलं मानतं. तुमचं अजून काही ठरलेलं नसेल तरी घाई करू नका, पत्नीसाठी म्हणून तर अजिबात करू नका.

प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहण्यात काहीच गैर नाही, कोणी बघत नसतं, सगळे आपापल्या प्रार्थनेत असतात. बऱ्याच चर्चमध्ये रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर घडी करून उभं राहिलं की नुसता आशीर्वाद देतात, पण सगळीकडे तशी पद्धत नाही म्हणून आधी विचारून घ्या. गायला, बायबल अभ्यासाला, आजाऱ्यांना भेटायला, खुर्च्या लावायला बाप्तिस्मा सहसा आड येत नाही. तुमची पत्नी कुठल्या परंपरेतली आहे ते लिहा, म्हणजे कोणाशी बोलायचं आणि काय विचारायचं ते नीट सांगता येईल.